तिसरं कडवं

मंगळवार, ३ फेब्रुवारी

कोर्टातून बाहेर पडत होते, तेवढ्यात फोन. पुढच्या महिन्यात एका मोठ्या गायिकेचा कार्यक्रम आहे, इनडोअर स्टेडियममध्ये. कर्णबधिर संघाच्या लोकांनी पुढच्या रांगांची तिकिटं एकगठ्ठा घेतलीत आणि आयोजकांना बजावलंय की आम्हाला स्टेजवर दुभाषी पाहिजे. फोनवरचा माणूस भलताच घाईत. त्याच्या हातातला वॉकीटॉकी मध्येच खरखरायचा आणि तो माझ्याशी बोलतोय की वॉकीटॉकीशी, हेच कळायचं नाही.

"मॅडम, तुम्ही ते खुणांचं करता ना?"

करते म्हटलं.

"गाण्याचं पण करता?"

तिथे खरं सांगायला हवं होतं. मी हॉस्पिटलात करते, कोर्टात करते, बँकेत करते. "गोळी जेवणानंतर घ्या" आणि "शपथेवर खरं सांगेन" हे माझे हात झोपेतही करतील. गाणं आजवर एकही केलेलं नाही. "करते की," म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या, दुसऱ्यांची दुखणी. वाटलं, एकदा तरी नाचण्यासारखं काही हाताला लागू दे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटचं गाणं, 'हलणार नाही'. ते सध्या बसमध्ये, दुकानात, शेजारच्यांच्या बाथरूममध्ये, सगळीकडे वाजतंय. मी आज पहिल्यांदा नीट ऐकलं. एका बाईला कुणीतरी दार दाखवतं. ती म्हणते, छान आहे दार. मग कुणीतरी गाडी पाठवतं. ती म्हणते, छान आहे गाडी. मग कुणीतरी खुर्ची आणतं, उशीसकट. छान आहे खुर्ची, उशी मऊ फार. आणि दर वेळी पुढे, मी मात्र इथून नाही हलणार. संपलं गाणं. रडारड नाही, शिव्याशाप नाहीत, 'थांब, तुला दाखवते' नाही. 'छान' म्हणताना ती चक्क हसते आणि त्या हसण्यात जो माज आहे ना, तो मला भयंकर आवडला. आवाज किंचित बसलेला, शब्द जरा चघळत म्हटलेले. आणि गंमत म्हणजे ती म्हणते हलणार नाही, पण ऐकणारा हलल्याशिवाय राहत नाही. भांडी घासताना माझी कंबर हलत होती.

आई म्हणाली, "पाठ धरली का गं?"

गुरुवार, ५ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. ती सलूनमधून आली होती, ब्लाउजवर लोकांचे केस, पायाला कळ. ताई जन्मापासून ऐकू शकत नाही. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी बोलायला लागले त्याआधी तिच्याकडून खुणा शिकले. माझं नाव तिने तेव्हाच ठेवलं, ओठांवर दोन बोटांची चिमूट. तोंड. घरातलं तोंड म्हणजे मी. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, तिच्या वतीने मीच बोलत आले.

आम्ही दोघी जे बोलतो ते हातांनीच. इथे शब्दांत लिहिते, एवढंच.

मी येताना एक फुगा आणला होता. स्पीकरसमोर फुगा धरला की ठेका हाताला लागतो, असं कुठेतरी वाचलं होतं. ताईने फुग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"जो ऐकू येणारा भेटतो तो मला फुगा देतो," ती म्हणाली. "ठेका मला जमिनीतून कळतो, काचेतून कळतो, वरच्या मजल्यावरची बाई मसाला कुटते तोही कळतो. ठेक्याचं राहू दे. ही बाई बोलतेय कोणाशी ते सांग."

म्हटलं, कोणाशी म्हणजे? गाणं आहे ते.

"दार कोण दाखवतंय?"

"कुणीतरी."

"कुणीतरी कुठे उभं आहे?"

खुणांच्या भाषेत माणसाला जागा द्यावीच लागते. साहेब असेल तर हात वरच्या बाजूला जातो, मैत्रीण असेल तर समोर, पोर असेल तर खाली. 'कुणीतरी'ला अधांतरी लटकवून चालत नाही. कोर्टात हे सोपं असतं, आरोपी बसलेलाच असतो.

"तुझ्या गायिकेला माहीत असणार," ताई म्हणाली. "नाहीतर ती अशी हसली नसती." मी दाखवलेला गाण्याचा व्हिडिओ तिने आवाज बंद असल्यासारखाच पाहिला, अर्थात. पण हसणं तिने बरोबर पकडलं.

फुगा आईने देव्हाऱ्याच्या खुंटीला बांधून ठेवला. म्हणाली, चांगला आहे, कशाला फोडता.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी टेबल भिंतीला सरकवलं आणि हॉलमध्ये उभी राहिले. पहिल्यांदाच सगळं गाणं सलग केलं. 'हलणार नाही' ला मी 'हलणे' करून मान नकारार्थी हलवत होते. भाषा एकदम शुद्ध.

ताई सोफ्यावरून म्हणाली, "वाहतूक पोलीस."

पुन्हा केलं.

"आता हॉस्पिटलचा वॉचमन. भेटायची वेळ संपली, बाहेर व्हा."

मला राग आला. म्हटलं, मग तू करून दाखव. ती उठली. चप्पल काढली, पाय जरासे फाकवून रोवले आणि मग काय केलं ते लिहून सांगणं कठीण आहे. तिने 'हलणार नाही' ची खूण केलीच नाही. डावीकडून कुणीतरी ढकललं, कंबरेतून झुकली, परत आली. उजवीकडून ओढलं, खांदा गेला, परत आला. हात, केस, मान, सगळं वाऱ्यावर, आणि पावलं फरशीला खिळलेली. अंग नाचतंय आणि बाई जागची हलत नाहीये. गाण्यात जी गंमत मला ऐकू येत होती ती तिने जशीच्या तशी समोर उभी केली, आणि तिने तर गाणं ऐकलंच नव्हतं.

दारवाला तिने वर ठेवला. मोठा माणूस, बोट दरवाजाकडे. गाडीवाला समोर, तिच्याच उंचीचा, एक भुवई वर. 'छान आहे गाडी' म्हणताना ताईने गाडीचं छत असं काही थोपटलं की मी खो खो हसले.

गाडीवाला कोण ते मला माहीत आहे. दहा वर्षांपूर्वी तिला बघायला आला होता.

बुधवार, ११ फेब्रुवारी

घरात नवीन विषय. ताई काम करते त्या सलूनच्या काकू आता लेकीकडे राहायला जाणार आहेत. सलून कुणाला तरी चालवायला द्यायचंय. निम्मी गिऱ्हाइकं ताईचीच, म्हणून पहिल्यांदा तिला विचारलं. ताईला ते हवंय. जेवताना तिने ताट बाजूला सरकवून सगळं सांगितलं. आरसे बदलायचे, दाराशी घंटीऐवजी दिवा लावायचा, वेळ मेसेजवरच घ्यायची.

आईला खुणांची भाषा येत नाही. तिच्या स्वतःच्या चारपाच खुणा आहेत, जेव, ये, झोप, आणि तळवा खाली करून हवेत दोनदा थोपटायचं, म्हणजे बस, दमशील. आज तीच केली. मग मला म्हणाली, "तिला सांग, फोन आला तर काय करणार? पाण्याचा माणूस, लाइटचा माणूस, भांडकुदळ गिऱ्हाईक. कोण बोलणार त्यांच्याशी?" मी ताईला सांगितलं, आई म्हणतेय घाई करू नकोस. ती ऐकेना, उठून उभीच राहिली, तेव्हा मी तिच्या बाहीला धरून खाली बसवलं. लहानपणापासूनची सवय आहे माझी.

विरोध नाहीये आमचा. काळजी आहे.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज तिसरं कडवं. खुर्चीचं. मला ते सगळ्यात सोपं वाटलं होतं, पण ताई त्याच्यावरच अडली. खुर्ची कोण आणतंय, यावर तिने बराच वेळ घेतला. मग करून दाखवलं.

यात वरचा कुणी नाही, समोरचा कुणी नाही. खालून हात येतात. एक तळवा हवेत हळूच थोपटतो. एक हात बाहीला धरून ओढतो. ढकलणं नाही, धसमुसळेपणा नाही, माया आहे. आणि ताईचा चेहरा! दारवाल्यापुढे ती हसते, गाडीवाल्यापुढे मिरवते. इथे पहिल्यांदाच तिचे गुडघे वाकतात. जवळजवळ बसते ती. उशी चाचपते, छान आहे, मऊ फार. आणि मग गाण्यात एक जागा आहे, सगळी वाद्यं थांबतात, एक श्वासभर काहीच नाही. मी ती जागा हात जोडून उभं राहण्यात घालवत होते. ताई तिथे अर्धवट वाकलेली राहिली. मग सरळ झाली.

विचारलं, खुर्चीवालं कोण धरलंस मनात?

ती नुसती हसली. सलूनच्या काकू असणार. फार लाडावून ठेवतात तिला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

ताईबरोबर सलूनमध्ये गेले, काकूंशी बोलणं करायला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. काकू खुर्चीत, आम्ही दोघी मागे उभ्या, आणि समोर भिंतभर आरसा, त्यामुळे बैठक आरशातच झाली.

काकू म्हणाल्या, "मला तर तूच हवीस बाई. पण मला एक तारखेच्या आत ठरवायचंय. आणखी एक जण विचारून गेलीय."

ताई म्हणाली, "ठरलंय. मी घेणार. आजच सांगते."

मी म्हणाले, "ताईला आवडेल, पण ती विचार करून कळवेल म्हणतेय."

थोडं सौम्य केलं मी. एवढा मोठा निर्णय, असा उभ्या उभ्या? आई घरी जीव मुठीत धरून बसलेली. दोन दिवसांनी तेच सांगता आलं असतं. कामात मी असं कधी करत नाही, पण हे काम थोडंच होतं, हे घरचं होतं.

काकू "बरं" म्हणाल्या, जरा हिरमुसल्या. ताईने कैच्या पुसून खणात ठेवल्या आणि घरी येईपर्यंत एकदाही हात वर केला नाही. दमली असेल.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

दमली नव्हती.

"काकूंना काय सांगितलंस?"

"तू म्हणालीस तेच."

"आरसा होता समोर," ताई म्हणाली. "वीस वर्षं मी आरशात माणसांचे ओठ बघत केस कापतेय. तुझे ओठ 'विचार' म्हणाले. मी 'विचार' म्हटलं नव्हतं."

मी समजावलं. आईचं बीपी, भाडं, जबाबदारी. ती शांतपणे बघत राहिली. मग तिने डोळे मिटून घेतले. ऐकू येणाऱ्याला हे कळणार नाही. माणसाने डोळे मिटले की माझे हात हवेत नुसतेच फिरत राहतात. तोंडावर दार आपटण्यापेक्षा वाईट.

तिचं भलं व्हावं असंच वाटतं ना मला? मग चुकलं कुठे?

मंगळवार, २४ फेब्रुवारी

एकटीच सराव करतेय. ताई घरात असते, जेवते, टीव्ही बघते, आईशी हसते. माझ्याशी मीठ दे, पंखा बंद कर, एवढंच. मी हॉलमध्ये दार, गाडी, खुर्ची करत बसते आणि ती पाठ करून लसूण सोलते.

गाणं मात्र अजून कंटाळा आणत नाही. आज बसमध्ये हेडफोन लावून ऐकलं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी गायिका 'मात्र' वर जी जराशी थांबते, ते आज कळलं. मी. मात्र. सगळं गाणं त्या 'मात्र' वर उभं आहे. बाकी सगळ्यांचं सगळं छान. मी मात्र.

सोमवार, २ मार्च

कर्णबधिर संघाचे सर आज बघायला आले. ते स्वतः ऐकू शकत नाहीत, मुलांना गणित शिकवतात. वॉकीटॉकीवाल्याच्या ऑफिसात मी त्यांना सगळं गाणं करून दाखवलं. पाय रोवून, ताईने दाखवलं होतं तसं, जमेल तेवढं.

सर सज्जन माणूस. म्हणाले, "स्वच्छ आहे. एकही शब्द सुटला नाही."

मी खुश.

"गाणं कुठे आहे?"

वॉकीटॉकीने विचारलं, काय म्हणतायत सर? मी सांगितलं, "सर म्हणतायत की स्वच्छ आहे." पुढचं माझ्याच्याने बोलवेना.

घरी कळलं ते आणखी वेगळंच. एक तारीख उलटली म्हणून काकूंनी त्या दुसऱ्या बाईला सलून बघायला बोलावलं होतं. ती आज आली, आरसे मोजून गेली. ताई तेव्हा तिथेच कुणाचे तरी केस धूत होती. हे मला ताईने सांगितलं नाही. आईला शेजारच्या वहिनींकडून कळलं. आई म्हणाली, "जाऊ दे, सुटली बिचारी कटकटीतून," आणि मग बराच वेळ तीच खिडकीशी उभी राहिली.

गुरुवार, ५ मार्च

सरांचं बोलणं ताईला सांगितलं. सगळं. "गाणं कुठे आहे" सकट. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

ती कैचीला धार लावत होती. धार लावून झाल्यावर म्हणाली, "मी उभी राहते."

"कुठे?"

"स्टेजवर. तू खाली समोर उभी राहून मला ओळ दे. कुठे सुरू, कुठे थांब. बाकी माझं."

असं करतात, मला माहीत आहे. एक ऐकू येणारा दुभाषी ओळ पुरवतो आणि ऐकू न येणारा ती आपल्या भाषेत मांडतो. परदेशातले व्हिडिओ पाहिलेत. पण आपल्या घरातलं माणूस? एवढे लोक, एवढे दिवे. ठेका चुकला तर? कुणी हसलं तर? म्हटलं, ताई, तुला त्रास होईल उगीच. आणि सवयीने तिची बाही धरली.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी सोडेपर्यंत पाहत राहिली.

"एकच अट," ती म्हणाली. "मी जे म्हणेन ते म्हणायचं. लोक जे म्हणतील ते मला सांगायचं. साखर घालायची नाही."

"मी दुभाषी आहे. मला नको शिकवूस."

"मग दुभाषी हो. बहिणीला घरी ठेव."

फार लागलं मला हे. तरी "बरं" म्हटलं.

मंगळवार, १० मार्च

रोज सराव. भांडण मिटलंय असं नाही, भांडायला वेळ नाही. मी टेबलावर हाताने ठेका धरते, ओळ देते, ती तिचं करते. दोनदा मागे पडली, एकदा पुढे गेली. त्या थांबायच्या जागेला मी मूठ मिटते, मूठ उघडली की ती सरळ होते. आई दारात उभी राहून बघते आणि "अगंबाई" म्हणून आत जाते.

शुक्रवार, १३ मार्च

आज स्टेडियममध्ये रंगीत तालीम.

रिकाम्या खुर्च्या, वायरींचे ढीग, गार हवा. स्टेजच्या कडेला दुभाष्यासाठी लहानसा चौथरा. ताई त्याच्यावर चढली, मी खाली समोर. वॉकीटॉकी धावत आला. त्याला वाटलं होतं मीच वर असणार. मी सगळं समजावलं. तो ताईकडे न बघता मला म्हणाला,

"मॅडम, पण यांना तर ऐकूच येत नाही ना? या गाण्याचं काय करणार? उगीच फजिती नको व्हायला."

माझे हात सवयीने वळले होते. 'तो तयारीबद्दल विचारतोय' एवढंच सांगायला निघाले होते. ताई बघत होती. मग मी सांगितलं, जसंच्या तसं. ऐकू येत नाही. काय करणार. फजिती.

ताईने उत्तर दिलं आणि मी ते बोलले, नियमाप्रमाणे 'मी' म्हणून, 'ताई म्हणतेय' न म्हणता:

"मला ऐकू येत नाही. तुम्हाला खुणा कळत नाहीत. उद्या पुढच्या रांगांत जी माणसं बसणार आहेत त्यांना तुमचं काहीच कळणार नाही आणि माझं सगळं कळेल. आता सांगा, फजिती कोणाची होईल?"

आवाज माझा होता, पण एवढ्या जोरात मी आयुष्यात कुणाशी बोललेली नाही. शेवटच्या ओळीला तो आवाज स्टेडियमभर घुमला.

वॉकीटॉकी गडबडला. "हे त्या म्हणतायत की तुम्ही?"

"त्यांच्याकडे बघून विचारा," मी म्हटलं. हे मात्र माझं.

तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं. गायिका. पोस्टरवर दिसते त्याच्या निम्मी आहे. सैल स्वेटर, गळ्याला मफलर, हातात गरम पाण्याचा पेला. "माझं गाणं कोण करतंय?" तिने विचारलं आणि ताईच्या चौथऱ्यापाशी येऊन उभी राहिली. वाजवायला सांगितलं. ताईने केलं. दार, गाडी, खुर्ची. वॉकीटॉकीचा वॉकीटॉकी खरखरला तर त्याने तो पोटाशी दाबून धरला.

गाणं संपलं. गायिकेने ताईला, ताईलाच, विचारलं, "तिसऱ्या कडव्यात कोण आहे तुमचं?"

मी विचारलं. ताईने सांगितलं. आणि मला ते बोलायचं होतं.

"माझी आई," मी म्हणाले. "आणि माझी बहीण. त्यांचा माझ्यावर फार जीव आहे. म्हणून तर ते कडवं शेवटी आलं पाहिजे. दार दाखवणाऱ्याला नाही म्हणायला काय लागतं? खुर्ची आणणाऱ्याला म्हणून दाखवा."

एकही शब्द गाळला नाही मी. पाणी प्यावंसं वाटत होतं.

गायिकेने माझ्याकडे पाहिलं. "बहीण म्हणजे या?"

तेही ताईला सांगितलं.

"हो, हीच," मी म्हणाले, आणि ताईच्या बोटापाठोपाठ माझं बोट माझ्याकडेच वळलं.

"माझ्या खुर्चीत आजी आहे," गायिका म्हणाली. "अजून प्रत्येक कार्यक्रमाआधी फोन करते. दमलीस का, घरी ये म्हणते." मग वॉकीटॉकीकडे वळून म्हणाली, "चौथरा इथे नको, पुढे घ्या. आणि दिवा द्या यांच्यावर. चेहरा दिसला पाहिजे."

येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. आमच्या स्टॉपच्या आधी तिने माझी पाण्याची बाटली काढून मला दिली.

शनिवार, १४ मार्च

झालं.

आईला पुढच्या रांगेत, सरांच्या शेजारी बसवलं होतं. शेवटच्या गाण्याला मी स्टेजच्या खाली, लोकांकडे पाठ, ताईकडे तोंड. त्यामुळे ते गाणं मी पाहिलं ते फक्त ताईवर. आधीची गाणी मी चौथऱ्यावर करून उरकली, ठीकठाक. मग मी उतरले आणि ताई वर आली. काळा कुडता, केस तिने स्वतःच कापलेले.

दारवाल्याला पुढच्या रांगांतून हशा आला. ऐकू न येणाऱ्या माणसांचा हशा असतो मोठा, मोकळा, कुणाला कसा वाटेल याची फिकीर नसलेला. गाडीचं छत थोपटल्यावर माझ्या पाठीमागे खुर्च्या खडखडल्या, त्या रांगा उभ्याच राहिल्या. मागचे ओरडायला लागले, "ए, खाली बसा! दिसत नाही!" कुणीही बसलं नाही. कसे बसतील? आता लोकांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवणं हे माझं काम, हे खरं. पण मी ताईला ओळ देत होते. माझे हात रिकामे नव्हते.

तिसरं कडवं. खालून हात आले. तळव्याने हवेत दोनदा थोपटलं. आणि वाद्यांच्या गदारोळात मागून आईचा आवाज ओळखला मी.

"अगं, ही माझी खूण आहे!" आई सांगत होती, शेजारच्या सरांनाच असणार. "माझी! माझी खूण घातली तिने गाण्यात!"

सरांना काय कळलं असेल देव जाणे.

बाहीला ओढ बसली. गुडघे वाकले. मी मूठ मिटली आणि सगळं थांबलं. ताई अर्धवट वाकलेली, नजर खाली, माझ्या मुठीवर. खरं तर तिला माझ्या मुठीची गरज नव्हती, तिच्या पायाखालच्या फळ्यांनी तिला सांगितलंच असतं. मी मूठ उघडली. उघडताना मला वाटलं, मी तिला उभं करत नाहीये, मी फक्त सोडतेय.

ती सरळ झाली. त्यानंतर जे वाजलं, जे ओरडले, जे नाचले, ते मला सांगता येणार नाही. शेवटच्या 'हलणार नाही' ला गायिकेने गाणं सोडून दिलं आणि माइक खाली धरून ताईसारखे पाय रोवून उभी राहिली. लोकांना वाटलं आधी ठरलेलं असेल. नव्हतं.

घरी येताना आई सारखी म्हणत होती, "एवढ्या लोकांसमोर माझी खूण." ताईने विचारलं, आई काय म्हणतेय? मी सांगितलं. ताई आईकडे बघून इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग तिने आईच्या गालाचा मुका घेतला. आई म्हणाली, "बघ, आवडलं तिला."

बुधवार, १८ मार्च

ताई सकाळी लवकर गेली. मला सांगितलं नाही, सोबत चल म्हणाली नाही. अंगावर कार्यक्रमातलाच काळा कुडता.

दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात माझा फोन वाजला. सलूनच्या काकू.

"अगं, तुझी ताई आली होती. मोबाइलवर लिहून लिहून दाखवत होती. मीही लिहीत होते, चष्मा लावून, दमले बाई. एक एप्रिलपासून सलून घेते म्हणते. ती दुसरी आरसे मोजून गेली ती परत काही आलीच नाही, म्हणून मी हो म्हणून टाकलंय. पण म्हटलं, एकदा तुझ्या कानावर घालावं. तिचं नक्की आहे ना? झेपेल ना गं तिला?"

मी म्हटलं, "काकू, हे तिला विचारा."

"तिला कसं विचारू?"

"सकाळी विचारलंत तसं."

"तू घरातली म्हणून विचारलं हो," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच मी नाही सांगणार," मी म्हटलं, आणि नमस्कार करून फोन ठेवला.

आई पोळ्या लाटत होती. "कोणाचा गं?"

"राँग नंबर," मी म्हटलं. "ताईचा होता, माझ्याकडे लागला."